कौल

खानापूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी कौलं वाजवून बघितली.
डाव्या हातावर तोलायचं,
उजव्या बोटाचं पेर मारायचं.
खण्‌ म्हटलं तर गाडीत,
बद्द म्हटलं तर ढिगात.
भट्टीवरचा निंगाप्पा म्हणायचा,
अक्का, तुज्या बोटात कान हाईत.

कारखाना बंद पडला. बोटं राहिली.
बाजारातलं कलिंगड, सुनेनं आणलेला माठ,
काहीही असो, आधी वाजवते.

धाकट्या गोदूला औशाकडं दिली.
तिथली माळवदं हात-हातभर मातीची,
भर उन्हाळ्यात आत शिरलं
की विहिरीत उतरल्यासारखं.
मग ती पहाट आली, गणपती बुडवल्यानंतरची.
गोदू वाचली, कारण म्हैस अडली होती
आणि ही कंदील घेऊन अंगणात उभी.
बाकीचं ती सांगत नाही. म्हशीचं सांगते.
रेडकू झालं, म्हणते, आणि लगेच उभं राहिलं.
तेव्हापासून पत्र्याखाली निजते.
मी बहीण कौलाच्या कारखान्यातली,
पण एक कौल चढवू दिलं नाही तिनं.
डोक्यावर जेवढं कमी, तेवढं बरं.

थोरली प्रमिला विमानाचे सुटे भाग करते.
उद्यमबागेतनं थेट कान्सासला गेली.
तिथं वारं उभं राहतं म्हणे,
सोंडेसारखं, आणि चालत येतं.
आमच्याकडं वावटळ मळ्यातनं जाते,
कडबा उचलते, कुणाचं तरी धोतर उचलते,
निंगाप्पा तिला सुंटरगाळी म्हणतो,
पोरं तिच्यावर थुंकतात आणि ती वाट बदलते.
तिथं थुंकून भागत नाही.
आई, इथं छप्पर भिंतीला पट्ट्यांनी बांधतात,
भिंत पायाला. सगळं जखडून ठेवायचं.
घराखाली एक खोली आहे तिची:
पाणी, बिस्किटं, बॅटरी, पासपोर्ट
आणि जाताना बॅगेतनं नेलेलं आमचं एक कौल.
जमिनीखाली बसलेलं कौल
मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

दोघींना एकमेकींची काळजी.
गोदू विचारते, असल्या मुलखात माणसं राहतातच कशाला?
प्रमिला विचारते, मावशीला उठायला तरी वेळ मिळेल का?
आम्हाला निदान दहा मिनिटं असतात.
आणि दोघी मला म्हणतात, तुझं बरं आहे.

असेल.
मलप्रभा चढली की उघड्या राहिलेल्या पायऱ्या मोजून निजते.
कणकुंबीकडनं वारं सुटलं की कौलं सरकतात,
सकाळी निंगाप्पाचा नातू शिडी घेऊन येतो.
कोयना हलली तेव्हा मी सहा वर्षांची.
फळीवरची भांडी पडली नाहीत, नुसती आपसात बोलली.
निंगाप्पाची आई रस्त्यावर ओरडत होती, भूकंप, भूकंप,
आणि मला पहिल्यांदा तिचं सगळं कन्नड कळलं.

परवा सोमवारी, रात्री साडेदहाला,
तिघी एकदम फोनवर होतो.
प्रमिलाकडं भर दुपार. मध्येच भोंगा सुरू झाला,
लांबलचक, आमच्या पहिल्या पाळीसारखा.
माझे पाय आपोआप चपला शोधायला लागले.
गोदू घाबरली: अगं, पळ की!
काही नाही मावशी, चाचणी आहे.
दर सोमवारी वाजवून बघतात.
गोदू बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आमच्याकडं चाचणी नसते.

फोन ठेवला. दिवा मालवला.
अंथरुणातनं हात काढून
भुईवर पेर मारलं, एकदा, दोनदा.
बद्द.
पण भुई चांगली असली तरी
अशीच वाजते.